ते डबे फेकून दे

प्रिय ठमाबाई,

मी धडधाकट आहे, जेवणखाण वेळेवर आहे. तुझ्या पायांची सूज उतरली का? आईचे गुडघे काय म्हणतात?

काल फोनवर सांगितलं ते तुला थट्टा वाटलं, म्हणून लिहितोय. परवा कारखान्यात मला पॅकिंगमधून दळणाच्या खोलीत टाकलं. शी! गरोदर बायकांचं ब्लडप्रेशर उतरवणारं म्हणून आम्ही विकतो त्या चूर्णात जमिनीवरचा केर चाळून परत ओततात, उंदरांच्या लेंड्यांसकट. तपासणीला जाणारा नमुना मात्र मुकादमाच्या कपाटातल्या वेगळ्या बरणीतला! आणि डब्यावर छापलंय, 'शरीराच्या पेशींना गंज चढू देत नाही.'

मुकादम म्हणतो, "अरे, झाडपाला तो, त्यानं कोण मरतं?" त्याच्या बायकोचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा मेल्यानं तिला डबा नाही दिला, सरळ दवाखान्यात नेलं.

त्याची किळस येतेच, पण माझी स्वतःची जास्त येते. फुकट मिळतात म्हणून डबे तुला मीच पाठवले. दवाखान्याच्या गोळ्या उष्ण पडतात, बंद कर, ही अक्कलही मीच पाजळली.

पत्र मिळताच डॉक्टरीणबाईंकडे जा, एक डबा दाखव, बाकीचे फेकून दे, सगळं खरं सांग. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर कुणाची वाट बघू नकोस.

फोनवर हसून म्हणालीस, "तुम्ही पाठवलंय, म्हणजे चांगलंच असणार." ठमे, केर एक वेळ गिळेन, पण हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

दहादा हात धुऊनही वास न गेलेला,
तुझा नवरा