झाकलेली तीन पानं

अण्णा, तुम्हाला लिहायचं म्हणून बसले आणि पहिलं वाक्य सुचलं ते वहिनीबद्दल. यावरून ओळखा, तुमची लेक अजून आहे तशीच आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण आपलं भांडण तुम्ही होतात तेव्हा तरी कुठं झालं? मी नुसती धुमसत राहिले आणि तुम्ही पत्ते पिसत राहिलात. म्हणून आज सरळ विचारते. तीन पत्तीचा डाव संपला की तुम्ही वहिनीला तुमची पानं उलटून दाखवायचात. मला एकदाही दाखवली नाहीत. का?

परक्या कुणी हे वाचलं तर हसेल. चिंचोक्यांवरचा खेळ, तोही वर्षातून एकदा, त्यात एवढं काय पोटात दुखायचं? पण वर्षातून एकदाच होता ना तो. तेरखेड्याच्या कारखान्यात फटाक्यांच्या वाती कापण्यात तुमचं सगळं आयुष्य गेलं. दिवाळी जवळ आली की तुम्ही घरात असूनही नसायचात. जेवतानासुद्धा बोटं वात मोजल्यासारखी हलायची. दिवाळी उरकली की कारखाना थंड व्हायचा आणि भाऊबीजेला दुपारची जेवणं झाली की तुम्ही ओसरीवर वाकळ अंथरायचात. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातले चिंचोके सगळ्यांना सारखे वाटायचात आणि म्हणायचात, "या, बसा. आता आपला फटाका." घरात फटाक्याची साधी टिकलीही न आणणारा माणूस तेवढा एक दिवस आमचा असायचा. आई भिंतीला टेकून सुपारी कातरत बसायची. तिला राजा आणि गुलाम यातला फरक शेवटपर्यंत कळला नाही आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही.

नियम तुम्ही मला आठवीत असताना शिकवलेत. प्रत्येकानं एकेक चिंचोका मधे टाकायचा, तीन पानं घ्यायची. न बघता खेळलं तर ब्लाइंड, बघून खेळलं तर दुप्पट टाकायचे. चाल परवडत नाही असं वाटलं की पानं खाली ठेवायची, म्हणजे पॅक. दोघंच उरले तर चिंचोके टाकून शो मागायचा, मग दोघांनी पानं उघडायची. आणि समोरच्यानं पॅक केलं तर जिंकणाऱ्यानं काही दाखवायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. नियम सांगितलेत, पण चाल कधी करायची आणि कशासाठी, ते काही सांगितलं नाहीत. मी विचारलं की म्हणायचात, "खेळ. कळंल."

मी एकोणीस वर्षांची असतानाची ती भाऊबीज मला अजून दिसते. दादा पॅक करून विडा लावत बसलाय. माझ्या हातात दोन राण्या आहेत. तुम्ही एकदा चाल करता, मग दुप्पट, मग परत दुप्पट, आणि तोंडावर कारखान्याच्या भिंतीएवढेही भाव नाहीत. मी घाबरते आणि राण्या खाली ठेवते. तुम्ही चिंचोके ओढून घेता. "अण्णा, काय होतं तुमच्याकडं?" मी विचारते आणि उत्तराची वाट न बघता पानांकडं हात नेते. तुम्ही पानांवर सबंध पंजा ठेवता. "हात लावायचा न्हाय. शो मागायला चिंचोके टाकलेस का? मग? फुकट बघायला ही काय जत्रा हाय?" दादा हसतो. त्या दिवशी मी दिवेलागणीपर्यंत कुणाशी बोलले नाही. पान कळलं नाही याचा राग नव्हता अण्णा. तुमच्या मनात काय चालतं ते मला कळावं, एवढंच हवं होतं, आणि ते तुम्ही पंजाखाली झाकलंत.

पुढं माझं लग्न झालं, मी लातूरला गेले, दवाखान्यात औषधं द्यायच्या नोकरीला लागले. त्याच वर्षी तामलवाडीची ही वहिनी दादाची बायको होऊन आली. म्हणजे माझी जागा रिकामी झाली आणि वाकळ थंड व्हायच्या आत ती येऊन बसली. पहिल्या भाऊबीजेला बिचारी भेदरलेली होती. पानं बघायची आणि खाली ठेवायची. चांगली असली तरी खाली ठेवायची. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या वर्षी मी आले तर ही चक्क चाल करतेय! आणि डाव संपला की तुमच्याकडं बघून म्हणतेय, "मामा, काय होतं?" मी पंजाची वाट बघितली. तुम्ही तीनही पानं उलटी केलीत. "हे बघ माय, काय बी नव्हतं."

माय. मला हाक मारायचा शब्द होता तो. माझ्या अंगाची लाही झाली. मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठले आणि आत गेले.

चूल आणि ओसरी यांच्यामधे एक भिंत, तीही छतापर्यंत न गेलेली. तुमचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. तुम्ही तिला सांगत होतात, "माणूस किती टाकतंय ते मागनं बघ. कशापायी टाकतंय ते आधी बघ. पान भारी असलं की त्याला वाटतं, समोरच्यानं बी टाकावं. म्हणून ते हळू टाकतंय, गिऱ्हाईक पळू नये म्हणून. पान न्हाय असं माणूस दणकन टाकतंय, समोरच्यानं पळावं म्हणून. तिसरं माणूस बारकी चाल करतंय, का? तर तू मोठी करू नयेस म्हणून. वाटंत खाट टाकून बसल्यावानी. आन् एक चाल नुसती विचारायची असती. तुझ्याकडं काय हाय, एवढं ऐकायला टाकलेली." मग म्हणालात, "आन् एक चाल पानावर नसतीच. माणसावर असती. रागानं टाकलेली. ती वळखायला सोपी आन् तिच्यापुढं खेळायला लई अवघड." मी भांड्यावर चिमटा धरून उभी होते आणि जे मी आठवीपासून मागत होते ते भिंतीपलीकडं तिला बसल्या जागी मिळत होतं. चहा उतू गेला, चूल विझली. आईनं बाहेरून विचारलं, "काय जळलं गं?" मी म्हटलं, काही नाही.

त्यानंतर दर वर्षी तसंच. मी चहाला उठायचे आणि तुम्ही तिला शिकवायचात. मला वाटायचं, मी उठायचीच तुम्ही वाट बघता, म्हणजे निवांत बोलता येईल. तेही खरंच होतं म्हणा, पण मला वाटत होतं तसं नाही. ते पुढं सांगते.

शेवटची भाऊबीज. तुम्हाला खोकला होता, पण तुम्ही कुणाला जुमानत नव्हतात. दादानं पॅक केलं, वहिनीनं पॅक केलं, उरलो आपण दोघं. त्याआधी तुम्ही तिच्या कानाशी काहीतरी बोललात आणि ती तोंडाला पदर लावून हसली. ते माझ्याबद्दलच होतं, मला पक्कं माहीत होतं. मी चाल केली. तुम्ही केलीत. मी दुप्पट केली. तुम्ही तेवढीच केलीत. मी परत दुप्पट केली, पुढ्यातले सगळे चिंचोके संपले तेव्हा आईच्या सुपारीची खांडं उसनी घेऊन टाकली. तुम्ही पानं छातीशी धरलीत आणि माझ्याकडं बघत राहिलात. इतका वेळ तुम्ही माझ्याकडं कधी बघितलं होतं, मला आठवत नाही.

"एवढी?"

"एवढी."

तुम्ही पानं खाली ठेवलीत. पॅक. मी माझी पानं गड्डीत सरकवली, पार मधोमध. तेव्हा तुम्ही विचारलंत, "काय होतं गं, माय?" कितीतरी वर्षांनी तो शब्द माझ्याकडं परत आला होता. आणि मी काय म्हणाले? "शो मागायला चिंचोके टाकलेत का? मग?" तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. तेच हसू खोकल्यात अडकलं आणि वहिनी पाणी आणायला धावली. मी जागची हलले नाही. जिंकलेले चिंचोके मोठ्या ऐटीत डब्यात भरत होते. संक्रांतीच्या आत तुम्ही गेलात.

मग आम्ही खेळणं सोडलं. आई गेली, दादाचं गुडघ्याचं दुखणं सुरू झालं, भाऊबीज ओवाळण्यापुरती आणि जेवणापुरती उरली. यंदा जेवणं झाल्यावर दादा आत लवंडला, त्याच्या पोरी मोबाइलवर हाच खेळ खोट्या नाण्यांवर खेळत बसल्या. वहिनीनं त्यांच्याकडं बघितलं आणि फळीवरून तो डबा काढला. चिंचोके तेच आहेत अण्णा, हाताळून हाताळून आरशासारखे झालेत. आम्ही दोघीच बसलो. तिसऱ्या-चौथ्या डावाला तिनं एक बारकी चाल केली, जेवढी होती तेवढीच, वर काही नाही. पूर्वीची मी असते तर दुप्पट करून तिला पळवलं असतं, नाहीतर चिडून पॅक केलं असतं. यंदा मी तिच्या हाताकडं बघितलं आणि मला वाटलं, ही खाट टाकून बसलीय. मी शो मागितला. तिच्याकडं नुसता एक राजा होता आणि दोन फुटकळ पानं. माझ्याकडं सत्त्यांची जोडी.

वहिनी खदखदून हसली. "आलं की वो तुमाला! मामांचं भिंतीमागनं सांगणं वाया न्हाय गेलं."

मी विचारलं, कसलं भिंतीमागनं?

"आता काय सांगू, ताई. मला काय कानाचा आजार होता व्हय? एवढ्या मोठ्यानं कोण शिकवतंय? मामा म्हणायचे, तिला समोर बसवून सांगितलं तर म्हणंल मला येतंय, आन् उठून जाईल. उठून गेल्यावरच सांगावं लागतंय तिला."

लेकी बोले सुने लागे, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही ती उलटी केलीत. सुनेला पुढ्यात बसवलंत आणि भिंतीपलीकडच्या लेकीला शिकवलंत. मी हातातली पानं नुसतीच चाळत राहिले. मग विचारायला नको होतं ते विचारलं. "आणि पानं? तुम्हाला दाखवायचे, मला का नाही?"

तिनं डब्यातले चिंचोके उगाच खालीवर केले. "मी सारखी पानं टाकून द्यायचे ना, म्हणून दाखवायचे मला, भ्या जावं म्हणून. तुमचं इचारलं होतं मी. म्हणाले, तिला दाखवलं की संपलं. न्हाय दाखवलं तर पुढल्या भाऊबीजेला येतीय."

तुम्ही वातीबद्दल सांगायचात ते आठवलं. वात आखूड नको, पेटवणाऱ्याला मागं सरायला सवड हवी. पण इतकी लांबही नको की कंटाळून तो परत जवळ जाईल. माझी वात तुम्ही जरा लांबच कापलीत अण्णा. अकरा वर्षं जास्त.

तुम्हाला वाटत असेल, आता हिचा हेवा संपला. नाही संपला. रडू आलं, ते वहिनीसमोर आवरलं, आणि लातूरच्या गाडीत बसल्यावर परत तिळपापड झाला. कारण माझ्याबद्दलचं तुमच्या मनातलं पान, तेसुद्धा तुम्ही तिलाच दाखवलंत. आणि तिनं ते अकरा वर्षं जपून ठेवलं, मला विचारावं लागलं तेव्हा दिलं. ती चांगली आहे. तुमचं शेवटचं सगळं तिनं केलं, हेही मला ठाऊक आहे. त्याचाही मला हेवा वाटतो.

निघताना ती आणखी एक बोलली. शेवटच्या त्या डावात पत्ते तिनं गोळा केले होते, तेव्हा तुमची पानं तिनं बघितली. तिन्ही बदाम. जोडीलाही भारी असा रंग लागलेला असताना तुम्ही पॅक केलंत. "आन् ताई, मग अंथरुणाला खिळल्यावर मला धा येळा तरी इचारलं असंल. तिच्याकडं काय असंल गं? एक्क्यांचा तिकडा असंल का? तुमीच सांगा की आता. काय होतं?"

मी म्हणाले, "आठवत नाही हो वहिनी. किती वर्षं झाली."

तिला पटलं नाही. पण तिनं पुन्हा विचारलं नाही. खेळाचा नियम तिलाही ठाऊक आहे. तुमच्या मनातलं सगळं तिच्याकडं आहे. तुम्हाला जे कधीच कळलं नाही, तेवढं एक माझ्याकडं आहे. हे पत्र त्या डब्यात ठेवावं असं गाडीत वाटलं होतं, पण डबा तिच्या फळीवर असतो आणि ती वाचेल. म्हणून इथंच, माझ्या औषधांच्या कपाटात राहू दे.

दुर्री, पंजी, अठ्ठी. रंगही नाही, जोडीही नाही. काहीच नव्हतं अण्णा, नुसता राग होता.