बेटावरचा केर

२५ जानेवारी, रविवार

रोज काय पाहिलं ते लिहा म्हणे! चौथी शिकलेल्या बाईच्या हातात वही देऊन सांगतात. सुट्टीला चाललोय का परीक्षेला? अख्खा रविवार चेन्नईतल्याच अड्यारला, सहलवाल्यांच्या हापिसात गेला. खुर्च्या बालवाडीच्या, पंखा नुसता कण्हत होता. कयल नावाची पोरगी, केस पोरासारखे कापलेले, पडद्यावर मासे दाखवत होती. हा साबण नको, ते तेल नको. अंगाला लावायचं मलमसुद्धा त्यांच्याच पसंतीचं. शिंपला उचलायचा नाही, पोवळ्याच्या झाडाला हात लावायचा नाही, पाय तर नाहीच नाही. वर बेटावर जाऊन कचरा वेचायचा आणि मासे मोजायचे. म्हणजे फिरायला जाऊन राबायचं. मी तमिळमध्ये विचारलं, बघायचं तरी का डोळे पण मिटून घ्यायचे? सगळे हसले. आमची पल्लवी सोडून.

मग कयलची नजर माझ्या गळ्याकडं. मंगळसूत्रात दोन पोवळी आहेत. मी म्हटलं, "सासूची आहेत पोरी, मी नाही तोडली." पुढचा मासा दाखवायला लागली.

ही सगळी पल्लवीची करणी. लेक शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणे, अंदमान. खरं कारण आम्हा मायलेकींना ठाऊक. डॉक्टरनं मालकांना स्पष्ट सांगितलंय, भट्टी सोडा. तेजाबाचा धूर छातीत बसलाय. आत्ता सोडली तर थोडंफार भरून येईल, उशीर केला तर नाही. मालक म्हणाले, बघू. हे "बघू" मी हळदीच्या अंगानं ऐकलंय, अजून ऐकतेय. थोडे दिवस भट्टीपासून लांब नेऊ, मोकळा श्वास घेतला की आपोआप वळतील, असा पल्लवीचा डाव. मालक तयार झाले पण एका अटीवर. तिथं दुकानाचा विषय काढायचा नाही.

तोंडाला कुलूप लावून सुट्टी. वा.

३१ जाने., शनिवार

दुकान बंद केलं. सोनंचांदी गाळायची, आटवायची, चोख करून द्यायची, हा आमचा धंदा. सांगलीकडची आमची निम्मी माणसं हाच करतात, कुणी कुठल्या गावी, कुणी कुठल्या. आम्ही सावकारपेठेत. खाली भट्टी, वर आम्ही. धूर जिन्यानं आमच्याआधी घरी पोचतो.

मालकांनी सोनं वितळवायच्या मुशी पालथ्या घातल्या, भट्टीवर पोतं टाकलं, मग पुन्हा एकदा पोतं उचलून आत बघितलं. तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवून चाललेत जणू.

वर येताना जिन्यावर दोनदा थांबले. म्हणाले, बॅग जड आहे.

बॅग माझ्या हातात होती.

२ फेब्रु., सोमवार

विमान, मग बोट, मग आणखी धाकटी बोट. सगळं पोटातलं समुद्राला वाहिलं. कयल म्हणते, अम्मा, लांब क्षितिजाकडे बघा. म्हटलं, तू बघ, मला बादली दे.

बेट हिरवंगार. झाडं पार पाण्यात वाकलेली. राहायला झावळ्यांची खोली, जमिनीवर वाळूच वाळू, झाडावी तेवढी परत. जेवायला भात, मासा, भात. भाकरीचं नाव नाही. मी चटणीचा डबा आणला म्हणून निभावलं. इतर मंडळी बंगळूरची, दिल्लीची, सगळी तरणी. आम्हाला "अंकल आंटी" करतात. एकीनं विचारलं, आंटी, तुम्हाला निसर्गाची आवड कधीपासून? काय सांगणार. म्हटलं, जन्मापासून, शेण काढायचे मी.

मालक रात्री खोकले. पण कमी.

३ फेब्रु., मंगळवार

पहाटे उठवून किनाऱ्यावर कचरा वेचायला लावलं. चपला, बाटल्या, दाढीचे ब्रश. कुठल्या कुठल्या देशांतून वाहत आलेलं. कंबर मोडली. माझ्या घरात मी मोलकरीण ठेवत नाही म्हणून इथं येऊन मोलकरीण व्हायचं का? प.ला बोलले तर म्हणते, आई प्लीज, लोक बघतायत. बघू देत. वाकलेली बाई बघायला तिकीट लागत नाही.

एक खेकडा दिसला. पाठीवर शंख नाही, बाटलीचं निळं टोपण घेऊन पळत होता. कयल म्हणाली, ह्या जातीला स्वतःचं कवच नसतं, रिकामा शंख शोधून त्यात राहतात. माणसं शंख पिशवीत भरून नेतात, मग हे असे टोपणात. मालक गुडघ्यावर बसले. किती वेळ बघत होते. मग म्हणाले, "हा आपला भाऊबंद गं. गावाकडं बंगला बांधून कुलूप, आणि आपण सावकारपेठेत टोपणात."

हसले. मोठ्यानं. आणि खोकला आला नाही. मी बोलले नाही काही, नजर लागायची.

पण बंगल्याचं नाव त्यांनी काढलं. मी नाही काढलं. नोंद असावी.

४ फेब्रु., बुधवार

पोवळी बघायला बोट. मालकांना पाण्यात उतरायला कयलनं सक्त मनाई केली, डॉक्टरचा कागद बघून. तोंड एवढंसं झालं त्यांचं. मग तिनं काच बसवलेला डबा दिला, पाण्यात अर्धा बुडवून वरून बघायचं. मालक पालथे पडले ते पडलेच. पाठ भाजून निघाली तरी उठेनात. मी पदर भिजवून पाठीवर टाकला, ते पण कळलं नाही.

एका जागी सगळं पांढरं. हाडं पसरल्यासारखं. मालकांनी विचारलं, "हे काय झालं?" कयल म्हणाली, पाणी तापलं. ताप सोसला नाही की पोवळं आपला रंग टाकून देतं. पण लगेच मरत नाही.

"मग रंग परत येतो?"

"येतो अंकल. ताप वेळेवर उतरला तर. फार दिवस तापत राहिलं तर नाही."

मी मालकांकडे बघितलं. ते डब्यात बघत होते. एवढा वेळ त्या पांढऱ्यात काय बघायचं असतं देव जाणे.

अट होती, विषय काढायचा नाही. जीभ चावून चावून सुजली.

५ फेब्रु., गुरुवार

आज मला पाण्यात घातलं!! मालकांचाच हट्ट. "मला जाता येत नाही, तू जा, बघून मला सांग." मी म्हटलं, विहिरीत कधी उतरले नाही मी, समुद्रात उतरू? तर म्हणतात, "कधी मागितलंय का तुझ्याकडं काही?" ह्या माणसाला अशी वाक्यं कुठून सुचतात? इतकी वर्षं डबा काय आपोआप येत होता?

प.चा सलवार-कमीज, त्यावर फुगवलेलं जाकीट, तोंडाला काच, दातात नळी. आरशात बघितलं नाही ते बरं. कयल हात धरून होती. मी तिच्या हाताला नखं रोवली, तरी सोडला नाही बिचारीनं.

डोकं पाण्यात घातलं आणि…

नंतर वर आले तर मालक बोटीच्या काठावरून वाकलेले. "काय दिसलं?" म्हटलं, मासे आहेत. "एवढंच?" म्हटलं, पुष्कळ आहेत. चेहरा पडला त्यांचा. मलाच राग आला माझा. पाठवलेलं माणूस असं रिकाम्या हातानं येतं का?

जेवताना सांगितलं. म्हटलं, सोनं आटलं की मुशीत वरची मळकट साय फाटते आणि खालून एकदम लखलखतं ना, तसं. पण निळं, जांभळं, हळदीचं, आणि हलतं. आणि संपतच नाही.

मालक घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "मग कळलं."

बघा, नेमकी भट्टीच तोंडात आली माझ्या. अट मीच मोडली. पल्लवीनं टेबलाखालून लाथ मारली.

६ फेब्रु., शुक्रवार

टेकडी चढून पलीकडच्या किनाऱ्यावर नेलं, कासवांच्या खुणा बघायला. वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखी रेघ. मी मागं राहिले, पाय भरून आले. मालक पुढं. एकदाही थांबले नाहीत! वर पोचून मला हात करत होते, "ये की गं म्हातारे." हा सावकारपेठेच्या जिन्यावर दोनदा थांबणारा माणूस.

प. आणि मी एकमेकींकडे बघितलं. तिचे डोळे भरले. मी म्हटलं, रडू नको, कयल म्हणेल खारं पाणी वाढलं.

उतरताना ते आपणहून बोलले. "हवा बरी आहे इथली. घरी गेल्यावर बघू काय ते."

बघू. पण "काय ते" आज पहिल्यांदा जोडलंय.

७ फेब्रु., शनिवार

लाज लाज लाज.

निघताना कयल सगळ्यांच्या पिशव्या बघत होती. बेटावरचं काही न्यायचं नाही, बंदरावर पकडतात, दंड होतो. आमच्या बॅगेत पुरचुंडी निघाली. फडक्यात बांधलेली वाळू, त्यात पोवळ्याचे तुकडे, बारके शंख. कयलचा चेहरा पांढरा. "अम्मा, तुम्ही पण?" ती दिल्लीची आंटी-आंटी करणारी माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघायला लागली. पल्लवी इंग्रजीत काय काय बोलत सुटली.

आणि मला आठवेचना मी कधी बांधली ते! मग उजेड पडला. रोज सकाळी खोली झाडायचे. आमच्यात केर फेकत नाहीत. दुकानाचा केर, घराचा केर, हात धुतलेलं पाणीसुद्धा राखून ठेवतात, त्यात सोन्याचा कण असतो. महिन्यानं जाळून गाळतात. लग्न होऊन आल्यावर पहिल्या दिवशी मी केर उकिरड्यावर टाकला तेव्हा सासूनं मला उकिरड्यावर बसवून वेचायला लावला होता. तेव्हापासून हात आपोआप पुरचुंडी बांधतो. डोक्याला विचारत नाही.

हे तमिळमध्ये कसं सांगायचं? सांगितलं तसं. कयल ऐकून घेत होती, विश्वास ठेवू का नको अशी. तेवढ्यात मालक हसायला लागले. इतके हसले की खाली बसले. "समुद्राचा केर गाळायला निघाली ही! अगं, ह्यात काय निघणार?" मग कयल पण हसली, मग सगळे. मी नाही.

मालक म्हणाले, मी ओतून येतो. पुरचुंडी घेऊन पाण्याकडं गेले ते येईनात. बोटवाला भोंगा वाजवतोय. मी ओरडले, अवो, वाळू ओतताय का पेरताय? लांबून बघितलं तर पाण्यात घोट्यापर्यंत उभे, पाठ आमच्याकडं. मोठमोठे श्वास घेत होते. माणूस टाकी भरून घेतो तसे.

आले, फडकं पिळून खिशात घातलं.

९ फेब्रु., सोमवार

चेन्नई. आज नुसते कपडे धुतले आणि झोप काढली. मालक जिना एका दमात चढले. मी ऐकत होते वरून.

सावकारपेठेची सगळी घाण नाकात गेली एकदम. इतकी वर्षं कळलीच नव्हती.

१० फेब्रु., मंगळवार

पहाटे वास आला. खाली गेले. पोतं बाजूला, भट्टी लाल, हे आपले पुढ्यात बसलेले. म्हटलं, "अवो, हे काय?" "गिऱ्हाईक खोळंबलंय." "आणि बघू काय ते?" "बघतोय की. काम करत करत बघतोय."

भाकरी थापल्या. एक पण गोल आली नाही.

११ फेब्रु., बुधवार

खोकला आला परत. येताना विमानात बसला नव्हता, मग आला कुठून? दारातच वाट बघत होता.

पल्लवीचा फोन. "आई, तू भांडू नको, समजावून सांग." म्हटलं, समजावायचं काम पोवळ्यांनी केलं, डॉक्टरनं केलं, माझ्या वाट्याला भांडणच उरलंय. मग मालकांना फोन दिला. ते तिला म्हणाले, "बाळ, गावाकडं त्या बंगल्यात मी करू काय? खिडक्या मोजू? भट्टीपुढं बसलो की मला चार लोक ओळखतात. तिथं मी कोण?"

हे मला कधी बोलले नाहीत. लेकीला बोलले. फोन ठेवल्यावर म्हटलं, तिथं तुम्ही श्वास घेणारा माणूस, अजून काय पाहिजे? तर म्हणतात, "एवढ्यावर दिवस जातो होय?"

खोटं नव्हतं ते. म्हणून जास्त राग आला.

१३ फेब्रु., शुक्रवार

आज कहर. दुपारी खाली डबा द्यायला गेले तर तेच बेटावरचं फडकं नाकातोंडाला बांधून भट्टीपुढं बसलेले. वर पिवळा धूर. मला बघून फडक्यातूनच म्हणाले, "झालं ना आता? बघितलं की नाही मी?"

नाही झालं. अजिबात नाही झालं. चिंधी बांधली की धूर थांबतो होय? समुद्र घरी आणलाय म्हणे. डबा ठेवला आणि तिथंच उभी राहिले. ते फडकं काढून जेवायला बसले. म्हणाले, "काय ते बोल एकदाचं. अट संपली."

मग बोलले. इथं पण लिहून ठेवते, नंतर म्हणायला नको मी असं म्हटलंच नव्हतं.

म्हटलं, ताप वेळेवर उतरला तर रंग येतो का, हे तुम्ही त्या पोरीला विचारलंत. मी नाही विचारलं. उत्तर तुमच्या कानांनी ऐकलंत. तिथं करायचं काय ते मला पण ठाऊक नाही. करू काहीतरी. मी समुद्रात उतरले की नाही, पोहता येत नसताना? तुम्ही म्हणालात म्हणून. आता मी म्हणते म्हणून तुम्ही उतरा.

घास चावत राहिले.

पल्लवीला गावचं तिकीट काढायला सांगितलंय. दोन काढ म्हटलं. ती म्हणाली, आई, एक रद्द करता येतं. म्हटलं, ठाऊक आहे, पण माझं नाही करायचं.

ही वही आता तुमच्या डब्याखाली ठेवतेय, वाचा. मंगळवारी अवस. अवसेला आपली भट्टी थंड असते, आणि दुसऱ्या दिवशी नारळ फोडून तुम्ही पेटवता. नारळ मी आणून ठेवलाय. तो सावकारपेठेत फोडायचा का गावच्या बंगल्याच्या दारात, मंगळवारच्या आत सांगा. आणि "बघू" म्हणायचं नाही.