बाईंनी काढून टाकलेला 'ना'

तीर्थरूप बाबा,
तुमच्या तेलकट हातांना नमस्कार.

मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर होतं, हे आईला आवर्जून सांगा.

औषधांच्या जोडीला मालिश केली तर कंबरदुखी खरंच कमी होते का, हे तपासायला आम्हाला शिकवतात. शिकवणाऱ्या बाईंवर मी बेहद्द खूश आहे. स्वतः मालिशीच्या भक्त, पण म्हणतात, "लाडक्या उपचाराचीच जास्त उलटतपासणी घ्यायची!"

काल एका आजींना मी, तुम्ही मालिश झाल्यावर विचारता तसंच विचारलं, "आता बरं वाटतंय ना?"

"हो गं बाळा."

मी ते लिहून घेणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "उत्तर तुझ्या 'ना'नेच दिलं. आजींनी नुसतं तुझं मन राखलं." मग त्या खाटेशेजारी बसल्या, "कंबर कशी आहे?" एवढंच विचारलं आणि गप्प राहिल्या. बऱ्याच वेळाने आजी म्हणाल्या, "कूस बदलताना जीव जातो."

काय बाई आहे हो!

फोनवर मी दर वेळी विचारते, "खोकला कमी आहे ना?" आणि तुम्ही लगेच "हो" म्हणता.

बाबा, खोकला कसा आहे?

मी गप्प बसले आहे.

तुमची,
धाकटी