सहाणेवर घासलेलं बी

प्रिय कडुबा,

भुईकोहळ्याचं बी उगवलं. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

शेतातला बांध सपाट करताना तुझ्या जेसीबीखाली आईची भुईकोहळ्याची वेल गेली आणि तू मशीन घेऊन गंगापूरला निघून गेलास, तो घरी आलाच नाहीस. फोनही उचलत नाहीस. आई तेव्हा तुला एका शब्दानं बोलली नाही, तेच तुला जास्त लागलं असणार. डोंगरातल्या वेली औषधवाल्यांनी कधीच खणून नेल्या होत्या. आपल्या बांधावरची तेवढी उरली होती. तिचा कंद आई बाळंतिणींना दुधातून द्यायची. पण काढायच्या आदल्या संध्याकाळी वेलीपाशी अक्षता ठेवून आमंत्रण द्यायची, मगच सकाळी कुदळ लावायची, आणि एक कंद घेऊन बाकीचे मातीनं झाकायची.

आता ती इथं सिडकोत माझ्याकडं असते. तिच्या देव्हाऱ्यातल्या डबीत त्या वेलीच्या काही केसाळ शेंगा निघाल्या. गेल्या वर्षी निम्मं बी भिजवून गच्चीवर कुंडीत पेरलं, रोज हात जोडले. काही उगवलं नाही. उकरून पाहिलं तर दाणे खड्यासारखे, तसेच. वरचं कवच खरवडायला हवं हे कळत होतं, पण देवापाशी राहिलेल्या बियांना पातं लावायला हात धजेना. यंदाही मी उरलेलं बी नुसतं हातात धरून बसलेला पाहून आई म्हणाली, "रोज चंदन उगाळतो, तवा लाकूड रडतं का रे? घास की सहाणेवर! लई देवभोळा झाला." तसंच केलं. दाणे हलकेच घासून रात्रभर भिजवले. दोन रोपं आलीत. पान बेलासारखं, तीन दलांचं. ते दिसलं तेव्हा मी कुंडीपाशी खालीच बसलो.

रोपं बांधावर लावायचीत. मी खड्डे खणतो म्हटलं, तर आई म्हणाली, "नाय. कडुबा खणंल. अन् मशीन नको आणू म्हणावं, कुदळ आण." हसली, मग पदरानं डोळे पुसले. कंद धरायला वर्षं लागतील. त्याची तिला घाई नाही. तुझी आहे.

या पाकिटात हळदीच्या अक्षता आहेत, सांडू देऊ नकोस. आईनं स्वतःच्या हातानं घातल्यात. मी विचारलं, रोपांपाशी ठेवायच्या का? तर म्हणाली, "वेल आली. जो नाय आला, त्याला धाड."

तुझाच,
रामकिसनदादा