ज्याचं नाव, त्याचं भांडं

मांजर्ली, बदलापूर
३ फेब्रुवारी

टक्-टक्-टक्... भांड्यावर नाव घालणाऱ्या कासाराच्या छिन्नीचा तो आवाज लहानपणापासून माझ्या कानात राहिला आहे. मालूताई आणि मी त्याच्या ओट्यापाशी बसून त्याच तालावर शाळेतल्या कविता म्हणायचो. मी अडलो की ताई पुढचा चरण सांगायची.

आज ताईच्या फ्लॅटवर प्रथमच आलो, तेही ती गेल्यावर. दिवसकार्य आटोपलंय. नदीकडून काय सुंदर वारा येतो! ताईच्या धाकट्या मुलाची, समीरची विधवा, बकुळा, हिनेच शेवटपर्यंत ताईचं सगळं केलं. आल्याचा चहा झकास करते. उद्या भाचा दिपेश अंबरनाथहून आणि भाची किर्ती विठ्ठलवाडीहून येतील. वडीलधारा म्हणून वाटणी माझ्या हातून व्हायची आहे. मान मिळाला की म्हातारा फुलतो, खरं आहे.

४ फेब्रुवारी

वाटणी झाली. ताईचा जीव भांड्यांत. प्रत्येकावर नाव : 'चि. दिपेश, मुंज', 'चि. सौ. कां. किर्ती'. दिपेश म्हणाला, मामा, झिकझिक नको, ज्याचं नाव त्याचं भांडं. समीरची मुंज झाली नव्हती, बकुळाशी लग्नही रजिस्टर, मग आहेर कुठला? त्याचं वा तिचं नाव एकाही भांड्यावर नाही. ती म्हणाली, आईंनी तीन सारखे ढीग सांगितले होते. किर्तीने टोमणा मारला, कुठे कोरून ठेवलंय का गं वहिनी?

ताईने मलाही फोनवर तेच सांगितलं होतं. पण दिपेशने 'श्री. विष्णुपंत यांजकडून, भाऊबीज' असं कोरलेला, मीच ताईला दिलेला तांब्याचा गडवा माझ्यापुढे सरकवला, आणि मी काही बोललो नाही.

बकुळा रिकाम्या हाताने चामटोलीला, माहेरी गेली. जाताना म्हणाली, आईंना दिसतंय हो, मामा.

६ फेब्रुवारी

दिपेशचा फोन. मुंजीच्या पातेल्यावरचं 'चि.' गेलंय, तिथे 'कै.' कोरलंय. वहिनीचाच चावटपणा, बघतोच तिला, म्हणाला.

मी अजून ताईच्याच फ्लॅटवर. माझा गडवा पाहिला. 'श्री.' शाबूत आहे.

७ फेब्रुवारी

दिपेश गेला. जेवताना ठसका लागला, तेवढंच निमित्त. अंबरनाथला अग्नी देऊन आलो.

किर्ती रडत विचारत होती, मामा, तुमच्या भांड्यावर काय आहे? स्वतःचा डबा बघायचं तिला धाडस होत नव्हतं.

८ फेब्रुवारी

किर्तीही. न्हाणीत पाय घसरला. जावयांनी डबा दाखवला – 'कै. सौ.'

भर दुपारी स्वयंपाकघरात टक्-टक्. मन रमवायला कविता म्हणू लागलो, अडलो. पुढचा चरण ओट्याकडून आला. ताईच्या आवाजात.

गडव्यावरचं 'श्री.' पुसट होतंय.

बकुळाला फोन केला. सगळं तुझं, ये, घेऊन जा, मी चुकलो – ती म्हणाली, नाव तुमचं आहे ना मामा? मग ठेवा की.

९ फेब्रुवारी

'श्री.' नाही. नवं अक्षर अर्धं –

बेल वाजली. बकुळाच! दया आली पोरीला. वाचलो –

बकुळा नाही. दिपेश. अंगभर राख. लिहू दे एवढं, म्हटलं. उंबऱ्यात थांबलाय. म्हणतो, चला मामा, आई पुन्हा वाटायला बसलीये. भांडी नाहीत या वेळी. आम्ही दोघं वाटून झालो. तुमच्यातलं काय हवं, ते आधी वहिनीला विचारलं. तिने मागितलीये ती न बोललेली तुमची जी