झोपेत न उतरणारं बीपी

बाबा, माझं बीपी रात्री उतरत नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात दंडाला चोवीस तासांचं मशीन बांधलं होतं. पट्टा झोपेतही फुगायचा, दंड आवळायचा आणि सुस्कारा टाकल्यासारखा सैल पडायचा. काल रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या, माणूस झोपला की बीपीनेही खाली यायला हवं; तुमचं दिवसा बरं दिसतं, पण रात्री तिथेच अडून बसतं. रोज गोळी घ्यायची, न चुकता.

मला तुमची आठवण झाली आणि खरं सांगते, तळपायाची आग मस्तकात गेली. कॉपी करणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं करणारे मास्तर तुम्ही! आणि स्वतः काय करायचात? डोकं दुखलं तरच बीपीची गोळी. तपासणीला शेगावला जायचं ठरलं की मात्र आधीचे दोन दिवस गोळ्या नेमाने आणि जेवण अळणी. दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली डोळे मिटून बसायचात, जीव शांत झाला की मगच आत. मी एकदा सोबत होते. आकडा चांगला आला, तुम्ही शर्टाची बाही खाली करत मला डोळा मारलात. "पाह्यलं? पास झालो! काऊन घाबरून राह्यली वं?" मग गरम कचोरी. घरी आल्यावर आईही खूश. तीच म्हणायची, "एकदा गोयी लागली का जल्मभर सुटत नाई."

शेगावच्या मशीनने तुम्हाला फक्त दिवसा पाहिलं, तेही तयारी करून बसलेलं. रात्री तुमच्या अंगात काय चालायचं ते कुणी पाहिलंच नाही. तुम्ही घोरायचात आणि आम्ही म्हणायचो, बाबांना छान झोप लागते. एका पहाटे उठलात ते तोंड वाकडं होऊनच. पेन्शनचं दुसरं वर्षही पाहिलं नाहीत.

आज काकांचा फोन आला. "तुह्या बापानं रोज गोयी खाल्ली नाई. वाघासारखा जगला." मी म्हटलं, "काका, वाघ लवकर मेला. मले मरायचं नाई." त्यांनी रागाने फोन ठेवला. ठेवू देत. आई तोंड फुगवून बसलीय, तिलाही बसू दे. मी गोळी घेणार. रोज घेणार, बरं वाटलं तरी घेणार, आणि तपासणीला जिना चढून धापा टाकत आले असेन तर बाईंना तसं सांगणार. या एका बाबतीत मी तुमची मुलगी नाही.

हे आईला वाचून दाखवणार नाही. ती तुमच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. पण तुमच्यापाशी एक गोष्ट कबूल करते. काल रिपोर्ट हातात आला तेव्हा हात आपसूक फोनकडे गेला, तुम्हाला विचारावं म्हणून. तुम्ही असतात तर "काई नाई होत" म्हणाला असतात, आणि बाबा, मी तुमचंच ऐकलं असतं.