पेकानची पूड

१४ मार्च

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. रागावले आहे, तरी नमस्कार करते. तू मोठा आहेस, त्याला माझा इलाज नाही. आई आणि मी, दोघी ठीक. वहिनीची कंबर कशी आहे?

तू पाठवलेला पेकानचा, त्या अक्रोडाच्या परदेशी भाऊबंदांचा, नवा डबा मिळाला. सोबतचा कागदही वाचला: चांगली चरबी, तंतू, जस्त, हृदयाला उत्तम, रोज मूठभर खावेत. सगळं खरं रे. पण आईला कवळी आहे, हे तुझ्या लक्षात आहे का?

मागच्या महिन्यात तू आलास, कुंडीच्या मातीत पुरलेले पेकान तुला सापडले आणि तू निकाल देऊन मोकळा झालास, "आईचं डोकं चालेनासं झालंय, आता वृद्धाश्रमच." मला तर बोलूच दिलं नाहीस.

तू गेल्यावर मी तिलाच विचारलं, "आई, का पुरतेस गं?" आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "अगं, कण कवळीखाली जातात, हिरडी सोलून निघते. तो दर रविवारी फोनवर विचारतो, खाल्लेस ना? नाही म्हटलं तर हिरमुसतो. कचऱ्यात टाकायला जीव होईना."

घे! आणि म्हणे डोकं चालत नाही! तुझं मन राखायला बाईने आधी हिरडी सोलून घेतली, मग उरलेले पुरले.

आता मी पेकान मंद आचेवर भाजून मिक्सरमधून काढते. सकाळच्या ओट्समध्ये दोन चमचे, थोडी पूड रात्रीच्या सूपमध्ये. एकदा जास्त फिरवलं तर त्याचं चक्क लोणी झालं. तेही तिने पावाला लावून संपवलं. पूड फ्रीजमध्ये ठेवते, बाहेर खवट होते. कवळीचं माप उद्या नव्याने घेणार आहेत.

एवढं सगळं लिहिलं, पण मुख्य गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. तर ऐक. तू परस्पर खोली ठरवलीस, त्या वृद्धाश्रमाच्या बाई सोमवारी गाडी घेऊन आल्या होत्या. त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. खोली नको, असं लिहून सही करून दिली. तुला न विचारता. आदळआपट करायची तर खुशाल कर. आई कुठेही जाणार नाही.

ती शेजारीच बसली आहे. म्हणते, "त्याला लिही, माझं काही ठरवायचं असेल तर आधी मला विचार. मी अजून आहे."

आईच्याच घरातून, आईसकट,
तुझी धाकटी